करप्याला रकाना आहे, रानडुकराला नाही : वन आणि कृषी खात्यांना खुले पत्र

महाराष्ट्र शासनाच्या वन खात्याच्या आणि कृषी खात्याच्या कारभाऱ्यांस,

स. न. वि. वि.

एकच पत्र दोन खात्यांना लिहितो आहे, कारण माझं भात गेलं ते तुम्हां दोघांच्या मधल्या बांधावर.

मी दक्षिण रत्नागिरीतल्या एका गावात राहतो. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि वडिलांचा तीस गुंठ्यांचा मळा पुन्हा लावायला घेतला. खाली पऱ्या म्हणजे ओढा, वर कातळ, मधे पाच खाचरं. गेल्या ऑक्टोबरात कापणीला जेमतेम दहा दिवस उरले असताना रात्री रानडुकरांचा कळप उतरला. सकाळी गेलो तर पऱ्याकडची दोन खाचरं लाटणं फिरवावं तशी आडवी झालेली. अर्ज केला, पंचनाम्याला दोन्ही खात्यांची माणसं आली. दोघेही भले होते, चपला हातात घेऊन चिखलात उतरले. पण आडव्या भातात त्यांना काही लोंब्या मानेशी काळ्या पडून मोडलेल्या दिसल्या. मानमोडी, म्हणजे करपा या भातावरच्या बुरशीच्या रोगाचंच लोंबी बाहेर पडल्यानंतरचं रूप. मग बांधावर चर्चा सुरू झाली की पीक आधी रोगाने गेलं की आधी डुकराने. कृषी खात्याचे म्हणाले, डुकराचं नुकसान आमच्याकडे येत नाही. वन खात्याचे म्हणाले, रोगट पिकाची भरपाई आम्हांला देता येत नाही. शेवटी कागदावर आलं ते असं : पीक आधीपासून रोगग्रस्त असल्याने वन्यप्राण्यांमुळे झालेले नुकसान निश्चित करता येत नाही.

डिसेंबरात अर्ज निकाली निघाला. मिळालं काही नाही.

रकमेसाठी मी हे पत्र लिहीत नाही. दोन खाचरांचं भात ते किती, आणि मला पेन्शन आहे. शेजारच्या वाडीतल्या ज्या बाईने अर्ध्या वाट्याने मळा केला होता तिला पेन्शन नाही आणि तिचंही हेच झालं. पण त्या एका वाक्याने माझ्यातला मास्तर जागा झाला. एक सस्तन प्राणी आणि एक बुरशी यांच्यात सरकारला फरक करता येत नाही हे कागदावर लिहून मिळालं होतं. तेव्हापासून मी या दोघांची तुलना करत बसलो आहे. तिचा निष्कर्ष तुम्हांला आवडणार नाही, तरी ऐका.

आधी साम्य. भातावरचा करपा ज्या बुरशीने होतो तिचं नाव पायरिक्युलेरिया ओरायझी. मुलांना मी सांगायचो की बुरशी ही वनस्पती नाही. तिचं मूळ शोधत गेलं तर ती झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची निघते. कुर्लीच्या कवचात जे कायटिन असतं तेच बुरशीच्या पेशीभित्तिकेत असतं. म्हणजे भाताच्या मळ्यात डुक्कर आणि करपा हे एकमेकांचे लांबचे भाऊबंद, परकं असलंच तर भात. दोघेही कुंपण फोडूनच आत येतात. डुक्कर गडग्याचे चिरे मुस्काटाने ढकलून पाडतं. करप्याचा बीजाणू पानावर दंवात चिकटतो, त्याला एक घुमटासारखा अवयव फुटतो आणि त्यात मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे ४० पट दाब तयार होतो. त्या दाबाने तो पानाची कातडी भोसकतो. १०० किलोच्या नराचं मुस्काट आणि उघड्या डोळ्यांना न दिसणारा हा थेंब, दोघांचं काम एकच.

दोघेही शिकतात. करप्याला दाद न देणारी जात काढली की काही हंगामांत बुरशीचा नवा उपप्रकार तिला पुरून उरतो. डुकरांचं याहून लवकर होतं. बुजगावण्याला ती दोन रात्री बिचकतात, साड्यांच्या कुंपणाला आठवडाभर, फटाक्यांना तेवढंच. आमच्याकडे एकाने रात्रभर रेडिओ लावून ठेवला होता. चौथ्या दिवशी रेडिओच्या आसपासचंच भात खाल्लेलं सापडलं.

आता फरक, कारण पंचनाम्यात नेमका तोच हरवला. मानमोडीत लोंबीच्या मानेचं पेर तपकिरी-काळं होतं आणि लोंबी तिथून मोडून लोंबकळते. रोग लवकर आला तर दाणा भरतच नाही, पांढरी फोलपटं राहतात. पण ताट जागेवर उभं असतं. मुळं जमिनीत असतात. पानांवर डोळ्याच्या आकाराचे, मधे राखाडी आणि कडेला तपकिरी असे ठिपके सापडतात. डुकराचं तसं नाही. ताटं चेंगरलेली, काही मुळासकट उपटलेली, बांध उकरलेला, ओल्या जागी लोळण आणि खुरांचे ठसे. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे चोथा. डुक्कर लोंब्या तोंडात धरून ओढतं, चावून सत्त्व गिळतं आणि तूस-काड्यांचा गोळा थुंकून टाकतं. माझ्या दोन खाचरांत असे गोळे ओंजळी भरून पडले होते. आता साधा विचार करा. पळींज झालेली, म्हणजे दाणा न भरलेली लोंबी डुक्कर कशाला चघळेल? तो चोथा हीच साक्ष होती की भात भरलेलं होतं. पंचनाम्यात चोथ्याचा उल्लेखसुद्धा नाही, कारण तो लिहायला जागा नाही.

आणि माझी खरी तक्रार इथून सुरू होते. ती कुणा कर्मचाऱ्याविरुद्ध नाही.

१९७२ हे साल दुष्काळामुळे महाराष्ट्राच्या लक्षात आहे. त्याच साली मे महिन्यात दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ उभं राहिलं आणि सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तेव्हापासून करप्याची बाजू एका घरात वाढली आणि डुकराची दुसऱ्या. दोन्ही घरं पन्नासहून अधिक वर्षं माझ्याच मळ्यावर राज्य करतात, पण एकमेकांच्या ओटीवर कधी बसलेली दिसत नाहीत.

पहिल्या घरात काय आहे ते बघा. करपा येण्याआधीच आम्हांला माहीत असतं की तो येणार. बी ३ टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारं काढून टाका, मग औषध चोळा. युरिया एकदम ओतू नका, हप्त्यांनी द्या. बांधावरचं गवत काढा. ढगाळ हवा, थंड रात्री आणि पानांवर तासन् तास ओल असेल तर सावध राहा. ठिपके दिसले तर ट्रायसायक्लाझोल अमुक ग्रॅम. हे सगळं माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर आहे. त्यावर क्रॉपसॅप. २००८ साली विदर्भात सोयाबीनवर किडीचा मोठा उद्रेक झाला, तेव्हा राज्याने पुढच्या वर्षी हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प उभा केला आणि त्यात भातही घेतलं. माणसं ठरावीक शेतात जाऊन किडी मोजतात, रोगाचं प्रमाण लिहितात, नुकसानीची पातळी ओलांडायच्या आत मोबाइलवर सल्ला येतो. उगाच कौतुक करत नाही, चांगलं काम आहे.

दुसऱ्या घरात डुकरासाठी काय आहे? नुकसान झाल्यावर तीन दिवसांच्या आत करायचा अर्ज.

नुकसानीच्या आधीची माहिती काहीच नाही. माझ्या तालुक्यात किती डुकरं आहेत हे आम्हांला कुणी कधी सांगितलेलं नाही. कुठल्या पऱ्याने ती उतरतात, कुठल्या पंधरवड्यात उतरतात, कुठल्या मळ्याला ओळीने चार वर्षं त्रास झाला याचा नकाशा गावात कुणी लावलेला नाही. खरं तर यात गूढ काही नाही. दाणा चिकात आला की ती येतात, काळोख्या रात्री जास्त येतात, पड जमिनीला लागून असलेल्या खाचरात पहिली येतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. करप्याच्या बाबतीत असलंच ज्ञान तुम्ही गोळा केलंत, तपासलंत आणि छापून परत आम्हांला दिलंत. डुकराच्या बाबतीत ते चहाच्या टपरीवर राहिलं.

विम्याची गोष्ट यापेक्षा चमत्कारिक आहे. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयात पीक विम्याची योजना बंद केली आणि भरपाई फक्त कापणी प्रयोगातून, म्हणजे नमुन्याचं पीक कापून मोजण्यातून, निघणाऱ्या उत्पादनावर ठेवली. स्थानिक आपत्तीचं संरक्षण काढलं. कापणी प्रयोग महसूल मंडळाच्या सरासरीचा असतो. करपा हवेतून येतो, मंडळभर पसरतो, त्यामुळे सरासरी खाली येते आणि तो सापडतो. डुक्कर एक मळा साफ करतं आणि शेजारचा तसाच सोडतं. ते सरासरीत हरवतं. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांच्या नुकसानीला पीक विम्यात जोड-संरक्षण मिळेल, शेतकऱ्याने ७२ तासांत ॲपवर फोटोसह कळवायचं, आणि कुठले प्राणी, कुठले भाग हे राज्यांनी ठरवायचं. म्हणजे ज्या खिडकीतून हे यायचं ती स्थानिक आपत्तीची खिडकी आपल्याच राज्याने सहा महिने आधी बंद केली होती. ती उघडायची की नाही हे दोन खात्यांपैकी कोण सांगणार?

शिवाय आमच्या जिल्ह्याची एक अडचण आहे जी नागपूर-पुण्यात बसून लक्षात येत नसावी. रत्नागिरीत सरकारी जंगल नावापुरतं आहे. रान आहे ते बहुतेक खाजगी मालकीचं : वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन, आंब्याच्या कलमांच्या मधली सोडलेली जागा, मुंबईला गेलेल्यांच्या पड जमिनी. डुक्कर राहतं माझ्या चुलतभावाच्या सातबाऱ्यावर, जेवतं माझ्या सातबाऱ्यावर, आणि मालकी सरकारची. वन खात्याकडे राखायला वन नाही, फक्त वन्यप्राणी आहे.

इथे स्वतःचं झाकून ठेवणं बरं नाही. माझाच मळा मी नोकरीत असताना अकरा वर्षं पड होता. गडगा ढासळला, घाणेरी माजली, आणि पहिली मादी पिल्लं घेऊन तिथेच बसली असणार. तिला चार महिनेसुद्धा पुरत नाहीत विण्याला. रोगशास्त्रात एक त्रिकोण शिकवतात : पोषक पीक, रोगकारक आणि पोषक वातावरण. तिन्ही कोन जुळले तर रोग. करप्याच्या बाबतीत तुम्ही तिन्ही कोनांवर काम करता. जात बदलता, बुरशी मारता, युरिया कमी करायला लावता. डुकराच्या बाबतीत पोषक वातावरण आम्ही गावकऱ्यांनी तयार केलं, गणपतीला येऊन आरत्या म्हणणाऱ्या आणि जमीन कसायला कुणालाच न देणाऱ्या चाकरमान्यांनी तयार केलं, हे मान्य आहे. पण त्या कोनाकडे पाहणारं सरकारात कुणी नाही.

आता ज्याची मला भीती वाटते ते. असं पत्र लिहिलं की लगेच कुणीतरी म्हणतं, बरोबर आहे मास्तर, डुक्कर म्हणजे रोगच, फवारा मारून संपवा. माझं म्हणणं ते नाही. १९७० आणि १९७१ साली जॅन्झन आणि कॉनेल या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करून जवळपास एकच कल्पना मांडली. जंगलात एका झाडाखाली त्याचीच रोपं दाटीने का माजत नाहीत? कारण आईच्या पायाशी पडलेलं बी खाणारे प्राणी आणि तिथल्या रोपांना मारणारे रोग त्यांना टिकू देत नाहीत, म्हणून दुसऱ्या जातींना जागा मिळते. बघा, रानात डुक्कर आणि बुरशी एकाच कामावर आहेत. एकच जात माजू न देणं. आणि आमचा मळा म्हणजे काय? एकाच जातीचं, एकाच उंचीचं, एकाच दिवशी पिकणारं रान. ते त्यांचं काम करतात, आम्ही आमचं.

करपा नाहीसा करू असं कुठल्याही कृषी विद्यापीठाने कधी म्हटलेलं नाही. तो किती झाला म्हणजे औषध मारायचं, एवढंच ठरवलं. नुकसानीची पातळी. डुकरालाही मी तेवढंच मागतो आहे. शिवाय बिबट्याच्या ताटात डुक्कर हवंच. ते नसेल तर तो वाडीतल्या कुत्र्यांवर आणि वासरांवर येतो, हे वन खात्याचेच लोक आम्हांला सभा घेऊन सांगतात.

मारण्याबद्दलही स्पष्ट बोलतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगी देता येते, हे कायद्यातच आहे. केंद्राला कलम ६२ खाली ठरावीक भागात ठरावीक मुदतीसाठी प्राणी उपद्रवी ठरवता येतो, बिहारमध्ये आणि उत्तराखंडात रानडुकराचं तसं केलंही गेलं. मी त्या वाटेचा भोक्ता नाही. कारण मोजलेलंच नाही तर किती मारायचे आणि कमी झाले हे कशावरून ओळखायचं? आणि कलम ११ ची परवानगी गावात पोचते तोवर भात कापून उडव्यात रचलेलं असतं. आली तरी बंदूक कुणाकडे? दोन म्हाताऱ्यांकडे ठासणीच्या आहेत आणि निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. मग माणसं चोरून कुंपणात वीज सोडतात. त्यात डुकरं मरतात, बिबटे मरतात आणि पहाटे पाणी बघायला गेलेली माणसंही मरतात. करप्यासाठी कुणी जीव गमावल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याला औषध दुकानात मिळतं.

तर मागण्या. फार नाहीत आणि बहुतेकांना नवा पैसा लागत नाही.

क्रॉपसॅपच्या भाताच्या नोंदीत वन्यप्राण्यांचा एक रकाना घाला. पोटरीपासून कापणीपर्यंत जे निरीक्षक खोडकिडा आणि करपा बघायला शेतात उतरतातच, त्यांनी खुरांचे ठसे, चोथा, उकरलेला बांध एवढं लिहावं. डुक्कर, माकड, गवा, जे असेल ते. तीन हंगामांत तुमच्याकडे असा नकाशा तयार होईल जो आज आमच्याकडे कुणाकडेच नाही. वन खात्याने त्याला जोडून डुकरांची मोजणी करावी, तीही खाजगी रानासकट.

पंचनाम्याचा नमुना बदला. त्यात कारणं दोन लिहिता आली पाहिजेत आणि प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. रोगाने दोन आणे गेलं असेल तर दोन आणे कापा, बाकीचे चौदा डुकराच्या खात्यावर लिहा. कृषी आणि वन दोघांनी एकाच दिवशी, एकाच कागदावर सही करावी. पीक रोगट होतं म्हणून अर्ज रद्द, हे वाक्य कायमचं बंद करा. उद्या दरोडा पडलेल्या घराला आधीच वाळवी लागली होती म्हणून तक्रार घेतली नाही असं पोलिसांनी म्हटलं तर चालेल का?

विम्यातलं वन्यप्राण्यांचं जोड-संरक्षण राज्याने घ्यावं आणि यादीत रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे, रानडुक्कर आणि माकड हे प्राणी नावाने असावेत. ७२ तासांची अट ठेवा, पण ॲपला पर्याय द्या. आमच्या मळ्यात रेंज येत नाही. फोटो काढून कातळावर चढावं लागतं आणि पावसात तो चढ म्हणजे माझ्या वयाच्या माणसाला दुसरा अपघात.

कुंपणाचं अनुदान एकेका शेतकऱ्याला न देता अख्ख्या मळ्याला द्या. मी एकट्याने सौर कुंपण घातलं तर डुक्कर शेजारणीकडे जातं. एकट्याने फवारणी केली आणि शेजारचं शेत करप्याने भरलेलं राहिलं तर काय होतं हे कृषी खातं आम्हांला दर वर्षी सांगतं, तेच इथे लावा. ज्या मळ्यात निम्म्याहून जास्त खाचरं पड आहेत तिथे जमीनमालकांना नोटिसा न पाठवता कसणाऱ्याला अल्प मुदतीच्या लेखी कराराने जमीन मिळेल अशी सोय करून द्या. कुळ लागेल या भीतीने आमच्याकडे कुणी जमीन देत नाही, आणि ती पड राहिली की तिथे डुकरांची पिढी वाढते.

आणि कलम ११ च्या अर्जावर हो किंवा नाही, पण सात दिवसांत उत्तर द्या. परवानगी दिलीत तर काम खात्याच्या प्रशिक्षित माणसांनी करावं. ठासणीच्या बंदुकीवर आणि आमच्या नेमबाजीवर हे सोडू नका.

दापोलीचं विद्यापीठ यात पुढे आलं तर आनंदच आहे. भाताच्या इतक्या जाती त्यांनी दिल्या. कुसळ असलेल्या जुन्या जाती डुक्कर कमी खातं असं आमच्याकडचे म्हातारे सांगायचे. खरं की खोटं ते कुणीतरी एकदा शेतात तपासून बघावं.

यंदा मी पुन्हा पाचही खाचरं लावतो आहे. बी मिठाच्या पाण्यात घालून घेतलं, युरिया तीन हप्त्यांत देणार आहे, बांध साफ ठेवणार आहे. करप्याच्या बाजूने कागदावर दोष निघू नये एवढी काळजी घेतली आहे. दाणा चिकात आला की रात्री मांगरात, म्हणजे मळ्यातल्या खोपटात, झोपायला जाईन, बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन. पंचनाम्याला यायची वेळ आलीच तर सकाळी सातच्या आत या. त्यानंतर गुरं पऱ्यावर पाणी प्यायला उतरतात आणि खुरांचे ठसे एकमेकांत मिसळतात. चोथा मी या खेपेला पिशवीत भरून ठेवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, तीस गुंठ्यांचा शेतकरी